संगणक बंद करण्याचे बटण आणि वापरकर्त्यांची गाऱ्हाणी : ‘ग्नोम’चा एक छोटा इतिहास

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ प्रसिद्ध झाले आणि लिनक्स वापरणाऱ्या असंख्य लोकांसमोर एक विचित्र प्रश्न उभा राहिला : संगणक बंद कसा करायचा? मेनूत ‘सस्पेंड’ होते, ‘पॉवर ऑफ’ दिसत नव्हते. ऑल्ट ही कळ दाबून धरली, तरच ते प्रकट होत असे. हे बटण सहज दिसेल अशा जागी परतले ते सप्टेंबर २०१२ मध्ये. या दीड वर्षामागे एक जुना वाद आहे : साधन कसे असावे हे कोणी ठरवायचे, घडवणाऱ्याने की वापरणाऱ्याने?

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. खिडक्या, मेनू, पॅनेल, फाइली पाहण्याची सोय, सेटिंग्ज या सर्वांचा मिळून जो एकसंध संच पडद्यावर दिसतो, त्याला ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. विंडोजमध्ये तो एकच असतो. लिनक्सवर मात्र तो निवडता येतो, आणि या इतिहासाचे सारे नाट्य त्या निवडीत आहे.

३/ ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मथियास एट्रिच या विद्यार्थ्याने ‘केडीई’ प्रकल्पाची घोषणा केली. त्याची तक्रार सरळ होती : युनिक्सवरील प्रत्येक प्रोग्रॅमचे रूप वेगळे, वागणे वेगळे, सामान्य माणसाने हे वापरायचे कसे? म्हणजे या क्षेत्रातला पहिला मोठा प्रकल्पच मुळी वापरकर्त्याच्या गाऱ्हाण्यातून जन्मला. केडीई ज्या ‘क्यूट’ या संचावर उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ सुरू केले.

४/ आरंभीच्या काळात सूचना स्वीकारण्याची रीत सोपी होती. कोणी म्हणे खिडकी अशी उघडावी, कोणी म्हणे तशी. दोघांचेही ऐकायचे आणि सेटिंग्जमध्ये आणखी एक पर्याय वाढवायचा. कोणाला नकार नाही, म्हणून कोणाशी भांडण नाही. परिणामी पहिल्या ग्नोममध्ये पॅनेलवर लावायच्या घड्याळाचेही एकाहून अधिक प्रकार झाले. वेळ मात्र सगळ्यांत तीच!

५/ २००१ साली सन मायक्रोसिस्टम्सने वेगळा मार्ग धरला. सोलॅरिस या आपल्या प्रणालीवर ग्नोम आणण्याचा या कंपनीचा विचार होता. तिने लोकांना मते विचारण्याऐवजी संगणकासमोर बसवले, नेहमीची कामे दिली आणि ते कुठे अडखळतात हे पाहिले. तज्ज्ञांना अंगवळणी पडलेल्या संज्ञा नवख्यांना कळत नव्हत्या, आणि पर्यायांच्या गर्दीत नेमके हवे ते सापडत नव्हते. सूचना गोळा करणे आणि अडचण समजून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

६/ पुढचे पाऊल २००२ चे. रेड हॅटमधील हॅवॉक पेनिंग्टन यांनी एका निबंधात मांडले की प्रत्येक पर्यायाला किंमत असते. हिशेब करून पाहा : होय-नाही स्वरूपाचे दहा पर्याय असतील, तर त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात. त्या सगळ्या तपासणार कोण? शिवाय पर्याय देऊन आपण दोष दुरुस्त करत नाही, निर्णयाचा भार वापरणाऱ्याच्या खांद्यावर टाकतो. जून २००२ च्या ‘ग्नोम २.०’ मध्ये या विचाराने अनेक पर्यायांवर कात्री चालली.

७/ जुने वापरकर्ते संतापले. डिसेंबर २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोमवर कठोर टीका करून लोकांना केडीई वापरण्याचा जाहीर सल्ला दिला. वापरकर्त्याला अडाणी समजले की साधन केवळ अडाण्यांपुरते उरते, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ होता. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्त्या लिहून ग्नोमकडे पाठवल्या. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सूचनेचे सर्वांत भक्कम रूप हेच : नुसते सांगू नका, करून दाखवा. पण ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही, त्याने काय करावे?

८/ त्याने वाट पाहावी, असे पुढील उदाहरण सांगते. मार्च २००४ च्या २.६ आवृत्तीत ‘नॉटिलस’ प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीत उघडू लागला. खऱ्या टेबलावरची प्रत्येक वस्तू आपापल्या जागी असते, तसे हे असावे, अशी कल्पना होती. कल्पना देखणी, परंतु चार फोल्डर आत जायचे तर पडद्यावर खिडक्यांची रास. तक्रारी होत राहिल्या. मूळ पद्धत पुन्हा प्रमाण ठरली ती २०१० च्या २.३० आवृत्तीत, सहा वर्षांनी.

९/ याच काळात आपल्या लिपीशी निगडित एक मोठी गोष्ट घडली. ग्नोम २ सोबत ‘पँगो’ ही अक्षरजुळणीची यंत्रणा आली. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात आधी येतो. जोडाक्षरे आकार बदलतात. हे सांभाळल्याशिवाय मराठी डेस्कटॉप अशक्य होता. रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी ‘लोहित’ टंकसंचांवर दीर्घकाळ काम केले.

१०/ आता ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र पाहा, किंवा मराठी वळणाचे ल आणि श. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवताना या वळणांची दखल घेतली. जगभरच्या वापरकर्त्यांची मते मोजली, तर अशा मागणीचा क्रमांक कधीच वर येणार नाही. तरीही ती पुरी झाली नाही, तर एका भाषेचे लेखन चुकीचे ठरते. सूचनांचे मोल डोकी मोजून ठरवू नये, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

११/ पुन्हा २०११ कडे येऊ. ग्नोम ३ ने पॅनेल, मेनू, खिडकी खाली नेण्याचे बटण, असे बरेच काही हटवले. ‘पॉवर ऑफ’ लपवण्यामागचा युक्तिवाद असा की आधुनिक संगणक पूर्ण बंद करण्यापेक्षा निद्रिस्त करणे सोयीचे. पण विजेचे बटण भिंतीवरून बंद करून मगच उठणाऱ्या माणसाची सवय त्या युक्तिवादात कुठे होती?

१२/ या वेळी लोकांनी केवळ तक्रार केली नाही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोम २ ची संहिता घेऊन ‘माटे’ सुरू केले; त्याला नाव दिले ते तिथल्या पेयाचे. लिनक्स मिंटने ग्नोम ३ च्याच संहितेतून ‘सिनॅमन’ घडवले. ग्नोमने स्वतः २०११ च्या अखेरीस एक्स्टेन्शनसाठी संकेतस्थळ उघडले आणि मार्च २०१३ च्या ३.८ आवृत्तीत जुन्या वळणाचे ‘क्लासिक’ रूप दिले. घर सोडून गेलेल्यांनी घरात राहिलेल्यांची बाजू बळकट केली.

१३/ तुलनेसाठी विंडोज ८ पाहा. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार्ट बटण गेले. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये बटण आले आणि पूर्ण मेनू थेट २०१५ च्या विंडोज १० मध्ये. येथेही लोकांचे ऐकले गेले. पण मधल्या काळात संहिता घेऊन वेगळे होण्याची वाट त्यांना नव्हती. विनंती दोन्हीकडे होती, हक्क एकाच ठिकाणी होता.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित पेच दिसतो. दफ्तरात अर्ज सापडतात ते अर्ज करू शकणाऱ्यांचे. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांना दाद मागायचे दार ठाऊक नव्हते, त्यांचे मौन कागदावर उमटत नाही. सॉफ्टवेअरच्या तक्रारींचेही तेच. त्या इंग्रजीत लिहिल्या जातात, जाणकार लिहितात, आणि मुकाट्याने सोडून गेलेला माणूस नोंदीत नसतो. म्हणून ‘लोकांची मागणी’ या शब्दांपुढे ‘कोणत्या लोकांची?’ हा प्रश्न नेहमी जोडावा.

१५/ मार्च २०२१ च्या ‘ग्नोम ४०’ मध्ये मांडणी पुन्हा बदलली; या खेपेस मात्र बदलापूर्वी वापरकर्त्यांच्या मुलाखती आणि चाचण्या झाल्या. वाद संपले नाहीत, संपणारही नाहीत. पंचवीस वर्षांचा हा प्रवास इतकेच सांगतो : प्रत्येक सूचना मानणारे साधन गोंधळाचे होते आणि एकही न मानणारे साधन ओसाड पडते. त्या दोन टोकांमध्ये वापरणाऱ्याजवळ निघून जाण्याची मोकळीक असेल, तर घडवणारा अधिक लक्षपूर्वक ऐकतो. ती मोकळीक आपल्या रोजच्या वापरातील किती साधनांत उरली आहे, याचा विचार अवश्य करावा.

(समाप्त)