हुद्दा दिला, तारीख दिली नाही

13 जुलै 1906 रोजी फ्रान्सच्या संसदेने फौजेतल्या दोन अधिकाऱ्यांसाठी दोन कायदे मंजूर केले. एकाने कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफसला कमांडंट केलं, म्हणजे आपल्याकडचा मेजर. दुसऱ्याने, फौजेतून काढून टाकलेल्या लेफ्टनंट कर्नल जॉर्ज पीकारला परत घेऊन ब्रिगेडचा जनरल केलं. पीकारचा हुद्दा 10 जुलै 1903 पासून धरला गेला, म्हणजे तीन वर्षं मागून. ड्रायफसचा हुद्दा मात्र कायदा झाला त्या तारखेपासून.

फौजेबाहेरच्या माणसाला हा फरक कागदावरचा वाटेल. मी फौजेत क्लर्क होतो. नोकरीतली बरीच वर्षं रेकॉर्ड ऑफिसात गेली. जवानाची रजा, लग्न, मुलांचे जन्म, बढती, सगळं पार्ट टू ऑर्डरने नोंदलं जातं, आणि त्या प्रत्येक नोंदीत जीव असतो तो तारखेत. बढती कोणत्या तारखेपासून, यावर सीनियॉरिटी ठरते. सीनियॉरिटीवर पुढच्या बढतीचा नंबर ठरतो, आणि पेन्शन शेवटी हुद्द्यावरच येऊन थांबते. माझ्या टेबलावर माजी सैनिकांचे अर्ज यायचे. कुणाची बढती चौकशीमुळे अडकलेली असायची. पुढे चौकशीत तो निर्दोष ठरायचा, बढतीही मिळायची, पण ती निकालाच्या तारखेपासून. तोवर बॅचचे सोबती पुढे गेलेले. साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार मला म्हणाले होते, "साहेब, पैसे नकोत मला. माझी तारीख तेवढी लावून द्या." ड्रायफसविषयी मी पुष्कळ नंतर वाचलं. वाचताना ते हवालदारच डोळ्यांपुढे होते.

ड्रायफस 1859 साली आल्सास प्रांतातल्या म्युलूजमध्ये, कापड गिरणीवाल्या ज्यू कुटुंबात जन्मला. 1871 मध्ये आल्सास जर्मनीकडे गेलं तेव्हा या घराने फ्रान्सचं नागरिकत्व निवडलं. मुलगा एकोल पोलितेक्निकमधून तोफखान्यात गेला, 1889 मध्ये कॅप्टन झाला. वॉर कॉलेजातून नववा आला आणि 1893 च्या सुरुवातीला जनरल स्टाफवर दाखल झाला. पुढे कर्नल, नशीब असलं तर जनरल, अशी ही सरळ वाट होती.

15 ऑक्टोबर 1894 ला त्याला अटक झाली. जर्मन दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याच्या कचऱ्याच्या टोपलीतून मिळालेल्या, हेरगिरीच्या एका चिठ्ठीवरचं अक्षर त्याचं आहे, असा आरोप. कोर्ट मार्शलच्या न्यायाधीशांना एक गुप्त फाइल दाखवली गेली, ती ना त्याला दाखवली ना त्याच्या वकिलाला. 5 जानेवारी 1895 ला एकोल मिलितेरच्या आवारात त्याच्या गणवेशावरची चिन्हं उपटली, तलवार मोडली. मग गियानाच्या किनाऱ्याजवळचं डेव्हिल्स आयलंड. 1896 च्या सप्टेंबरात तर रात्री त्याचे पाय बेड्यांनी खाटेला जखडले जात. तिथून तो 1899 च्या जूनमध्ये बाहेर निघाला.

या काळात इतरांच्या नोंदी काय झाल्या, ते माझ्यासारखा माणूस आधी बघतो. ड्रायफसला अटक करणारा द्यू पाती द क्लाम 1894 मध्ये कमांडंट होता, 1898 पर्यंत लेफ्टनंट कर्नल झाला. ड्रायफसविरुद्ध खोटा कागद बनवणारा आंरीसुद्धा लेफ्टनंट कर्नल झाला. त्याने 31 ऑगस्ट 1898 ला कोठडीत आत्महत्या केली. ती चिठ्ठी खरोखर लिहिणारा एस्तेराझी तर आधीपासूनच कमांडंट. म्हणजे गद्दाराचा जो हुद्दा होता, तोच बारा वर्षांनी निर्दोष माणसाला न्याय म्हणून देण्यात आला.

पीकारचं श्रेय मला कमी करायचं नाही. 1895 पासून तो हेरखात्याचा प्रमुख होता. 1896 मध्ये एस्तेराझीचं अक्षर त्याने ओळखलं आणि वरिष्ठ गप्प बस म्हणाले तरी तो गप्प बसला नाही. त्याला ट्युनिशियाला पाठवलं, मग तुरुंगात टाकलं, फौजेतून काढलं. त्याची तारीख मागे नेली हे योग्यच झालं. पण मग ज्याच्यासाठी त्याने हे सोसलं, त्या माणसाची तारीख मागे का नेली नाही?

मधली हकिगत अनेकांना माहीत आहे. 13 जानेवारी 1898 ला ड्रायफसची बाजू घेणारं एमिल झोलाचं पत्र 'लोरोर' दैनिकात छापून आलं. 1899 मध्ये रेन शहरात दुसरं कोर्ट मार्शल झालं आणि पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रायफस पुन्हा दोषी ठरला. दहाच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. माफी म्हणजे निर्दोष नव्हे, म्हणून तो लढत राहिला. डिसेंबर 1900 मध्ये सर्वांसाठी अभयाचा कायदा झाला, त्यामुळे खोटे कागद वापरणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले चालण्याचा रस्ता बंद झाला. अखेर 12 जुलै 1906 ला सर्वोच्च न्यायालयाने रेनचा निकाल रद्द केला आणि प्रकरण पुन्हा कुठल्याही कोर्टाकडे पाठवलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते दोन कायदे झाले. 1894 चा युद्धमंत्री जनरल मर्सिये तेव्हा सिनेटर होता, आणि त्या दिवशीही तो सिनेटमध्ये विरोधात बोलायला उभा राहिला.

एका दिवसात घाईने झालेल्या कायद्यात तारखेची ओळ राहून जाऊ शकते. तशी ती राहिली असती तर दुरुस्त करता आली असती. ड्रायफसने तेच मागितलं. अटकेपासून माफीपर्यंतची पाच वर्षं आणि त्यापुढची बाहेर काढलेली वर्षं सेवेत धरा, मी फौजेत असतो तर ज्या जागी असतो ती जागा द्या. 1889 चा कॅप्टन 1906 मध्ये एकच पायरी वर चढून कमांडंट झाला होता, वय सत्तेचाळीसच्या घरात. त्या तारखेपासून मोजत गेलं तर जनरलपद त्याच्या हाती येणं शक्यच नव्हतं. त्याने नुकसानभरपाई मागितली नाही, कुणाला शिक्षा मागितली नाही. ऑक्टोबर 1906 मध्ये क्लेमांसो पंतप्रधान झाला आणि पीकार युद्धमंत्री. नोव्हेंबरात ड्रायफस पीकारला भेटला. काही बदललं नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण याच ठिकाणी सगळा अन्याय आहे. ज्या मंत्र्याच्या स्वतःच्या हुद्द्याला मागची तारीख लागली होती, त्याच्याच खात्यात हा अर्ज अडला. क्लेमांसोने तर ड्रायफससाठी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले होते. माझ्या मते त्यांना हे प्रकरण पुन्हा संसदेत न्यायचं नव्हतं. देश बारा वर्षं दुभंगला होता, आता फाइल बंद व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. फाइल बंद करण्याची ही घाई मी जवळून पाहिली आहे. "त्याला हुद्दा मिळालाय ना? मग आता काय?" हे वाक्य माझ्या कानावर कितीदा तरी पडलं. अर्जदाराला मात्र माहीत असतं की तारखेशिवाय आलेला हुद्दा, त्याच्यावर एकदा डाग होता, एवढंच रेकॉर्डवर कायम ठेवतो.

जुलै 1906 मध्ये एकोल मिलितेरच्याच एका लहान आवारात लिजन ऑफ ऑनर स्वीकारल्यानंतर ड्रायफस नोकरीवर रुजू झाला, व्हँसेन आणि मग सँ-देनीला. जून 1907 मध्ये त्याने निवृत्तीचा अर्ज दिला, ऑक्टोबरात तो निवृत्त झाला. 1908 मध्ये झोलाच्या अस्थी पँथिऑनमध्ये नेताना एका पत्रकाराने ड्रायफसवर गोळ्या झाडल्या. दंडाला जखम झाली, आणि गोळ्या झाडणारा कोर्टातून निर्दोष सुटला.

तरी 1914 मध्ये महायुद्ध पेटताच हा निवृत्त कमांडंट, वय चौपन्न, पुन्हा हजर झाला. आधी पॅरिसच्या संरक्षण छावणीत, मग 1917 मध्ये शमँ दे दाम आणि व्हेर्दनच्या आघाडीवर. 1918 मध्ये राखीव दलात लेफ्टनंट कर्नल झाला. 12 जुलै 1935 ला, सुटकेच्या निकालाला बरोबर एकोणतीस वर्षं झाली त्या दिवशी, तो वारला.

जून 2025 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने 197 मतांनी, एकही मत विरोधात न जाता, ड्रायफसला मरणोत्तर ब्रिगेडचा जनरल करण्याचं विधेयक मंजूर केलं. नोव्हेंबरात सिनेटनेही ते मान्य केलं. मला त्याचा आनंद आहे. फ्रान्सने आपल्या कायद्यात चूक कबूल केली, हे थोडं नाही. पण ड्रायफसने जिवंतपणी जे मागितलं ते हे नव्हतं. त्याला तोफखान्यात काम करायचं होतं, आणि ज्या दिवशी त्याला ओढून नेलं त्या दिवसापासून त्याची सेवा पुढे चालू आहे असं लिहून हवं होतं.

आज आपल्याकडेही अनेक माजी सैनिक आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या पायऱ्या चढतात. पैकी कुणाचा दावा खरा असतो, कुणाचा नसतो, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून ज्यांच्या हाती हे कागद येतात त्यांना माझी विनंती आहे, अर्जदार हयात असताना ते वाचा. चौकशीतून तो निर्दोष सुटला असेल, तर हुद्द्याबरोबर तारीखही द्या.