महाविद्यालयीन खेळाडूंचे अर्थसाहाय्य, अमेरिकेतील

महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्यास किती द्रव्यसाहाय्य द्यावे व कोणता लाभ अनुचित मानावा, यासंबंधी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेली नियमरचना. हौशीपणाची कल्पना ब्रिटनकडून आलेली असली, तरी अमेरिकेत ती आरंभापासूनच शिथिल होती. हार्व्हर्ड व येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत ही तेथील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होय. तिच्यातील स्पर्धकांचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता.

फुटबॉलमधील मृत्यूंविषयीच्या ओरडीतून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन होय. तिने खेळासाठी पैसे देणे निषिद्ध ठरविले. अंमलबजावणी मात्र महाविद्यालयांवरच सोपविली. परिणामी कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालात पाहणीतील सु. तीन-चतुर्थांश संस्था खेळाडूंना या ना त्या रूपाने साहाय्य देत असल्याचे आढळले. संघटनेच्या १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’ने साहाय्य गरजेवर आधारून ते मुख्यतः शिक्षणशुल्कापुरते मर्यादित केले. या संहितेत हकालपट्टी ही एकच शिक्षा होती. १९५० मध्ये व्हर्जिनिया, मेरिलंड इ. सात संस्थांवर ती लादण्याच्या ठरावास आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि १९५१ मध्ये संहिताच मोडीत निघाली. जे उघडपणे टाळता येत नव्हते, ते १९५६ मध्ये रीतसर मान्य झाले : शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तके आणि धुलाईसाठी दरमहा १५ डॉलर.

याच सुमारास ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा रूढ करण्यात आली. तिच्यामागे शैक्षणिक हेतूपेक्षा भरपाईची धास्ती अधिक होती. कोलोरॅडोत १९५५ मध्ये फुटबॉल सामन्यातील दुखापतीने एक खेळाडू मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. परंतु फुटबॉल खेळणे ही नोकरी नव्हे, या कारणास्तव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तिची मागणी फेटाळली. ही संज्ञा रुजविणारे संघटनेचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या व्यवस्थेवर कठोर टीका केली, हे उल्लेखनीय आहे.

देणगीदारांनी खेळाडूंना गुप्तपणे पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द करण्यात आला. इतकी कडक शिक्षा त्या दर्जाच्या दुसऱ्या फुटबॉल संघास पुढे झाली नाही. दूरचित्रवाणीमुळे उत्पन्न वाढत गेले. प्रशिक्षकांचे वेतन वाढले, खेळाडूंवरील बंधने तशीच राहिली. अखेर ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने शैक्षणिक लाभांवरील मर्यादा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरविल्या. त्याच वर्षी स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी वापरातून खेळाडूंना कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन समझोत्यानुसार महाविद्यालयांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. २०२५–२६ साठी ही मर्यादा प्रत्येक संस्थेस सु. २·०५ कोटी डॉलर होती. खेळाडू हा महाविद्यालयाचा नोकर आहे की नाही, याचा निर्णय मात्र या समझोत्यात झालेला नाही.