सुकलेल्या जखमेची साक्ष

‘जखम सुकली की गरमी गेली’ हा गरमीबद्दलचा, म्हणजे सिफिलिसबद्दलचा, समज निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावता येत नाही. त्याला डोळ्यांची साक्ष आहे. संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी गुप्तांगावर जखम होते. तिच्या कडा बोटाला कानाच्या कूर्चेसारख्या टणक लागतात, पण ती सहसा दुखत नाही. ३ ते ६ आठवड्यांत ती भरून येते. तोवर कुणी मलम लावलेले असते, कुणी केमिस्टकडून गोळ्या आणलेल्या असतात. श्रेय त्यांना जाते.

इथेच हेत्वाभास आहे. जी जखम उपचाराविनाही भरते, तिचे भरणे हा कुठल्याच उपचाराचा पुरावा होत नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगावर, म्हणजे गरमीवरच, पारा सांगितला, युरोपही शतकानुशतके पाराच देत आला. ऑस्लोच्या डॉ. बोक यांना मात्र पारा अपायकारक वाटे. १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार रुग्णांना त्यांनी तो दिलाच नाही. जखमा तरीही भरल्या. पुढे त्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांत रोग कातडी, हाडे, हृदय किंवा मेंदूत पुन्हा उभा राहिलेला आढळला.

जखम भरणे आणि रोग पुन्हा उभा राहणे यांच्या मधल्या काळात तळहात-तळपायांवर तांबूस, बहुधा न खाजणारे डाग येतात. तेही आपोआप जातात. मग रोगाचा पत्ता फक्त रक्ताच्या तपासणीत लागतो. नवऱ्याची जखम सुकली म्हणून निर्धास्त असलेल्या घरात बायकोचे मूल पोटातच दगावते आणि बोल तिलाच लागतो, याचा मला संताप येतो. गरोदरपणातली व्हीडीआरएल ही रक्ततपासणी म्हणूनच टाळू नये.

उपाय साधा आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कुल्ल्यात एकदाच. जुन्या रोगात आठवड्याच्या अंतराने तीनदा. पहिल्या रात्री थंडी-ताप येऊ शकतो. ‘इंजेक्शन सोसले नाही’ असे म्हणून पुढचे डोस सोडू नयेत. तो ताप जंतू मरताना येतो आणि दिवसभरात उतरतो.

‘मग रिपोर्ट पॉझिटिव्हच का?’ असा आक्षेप येतो. टीपीएचए ही दुसरी रक्ततपासणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. बघायचा तो व्हीडीआरएलचा आकडा: १:३२ वरून वर्षभरात १:८ किंवा त्याखाली आला, तर उपचार लागू पडला. जोडीदाराची तपासणी आणि उपचार सोबतच व्हायला हवेत, नाहीतर रोग पुन्हा जडतो. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे सारे मोफत होते.