पंचेचाळीस वर्षांची प्रतीक्षा : लिमरिकचा २०१८ चा हर्लिंग हंगाम

आयर्लंडच्या दक्षिणेकडील लिमरिक काउंटीच्या हर्लिंग संघाने १९ ऑगस्ट २०१८ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गतविजेत्या गॉलवेचा एका गुणाने पराभव करून अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकावले. लिमरिकचे हे आठवे अजिंक्यपद. मात्र सातवे मिळाले होते १९७३ मध्ये. मधल्या पंचेचाळीस वर्षांत हा संघ पाच वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाचही वेळा रिकाम्या हाताने परतला. त्यामुळे २०१८ च्या हंगामाकडे आयरिश क्रीडाविश्वात केवळ एक विजय म्हणून पाहिले जात नाही. पराभवाची सवय जडलेल्या एका काउंटीने ती सवय कशी मोडली, याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

खेळ आणि त्याची व्यवस्था

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन मैदानी खेळ. ॲश वृक्षाच्या लाकडापासून केलेली, टोकाशी रुंद व चपटी असलेली काठी म्हणजे ‘हर्ली’ आणि चामड्याचे आवरण असलेला लहान कठीण चेंडू म्हणजे ‘स्लिटर’, ही त्याची साधने. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात आणि काउंटी पातळीवरील वरिष्ठ सामना सत्तर मिनिटांचा असतो. पाहताना हॉकीची आठवण होते. मात्र येथे चेंडू हवेतून मारता येतो, हातात झेलता येतो आणि काठीच्या टोकावर तोलत धावताही येते. गोलखांब इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेल्यास गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात. दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेल्यास एक गुण मिळतो. गुणफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. ३-१६ याचा अर्थ तीन गोल व सोळा गुण, म्हणजे एकूण पंचवीस.

१८८४ मध्ये थर्ल्स येथे स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था या खेळाचे नियमन करते. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. खेळाडू आधी आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो आणि निवड झाल्यास काउंटीकडून. खेळण्यासाठी कोणालाही वेतन मिळत नाही. हजारो प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा तरुण पुढच्या आठवड्यात शाळेत शिकवताना, कार्यालयात काम करताना किंवा महाविद्यालयात बसलेला दिसतो. पैशासाठी संघ बदलण्याची प्रथा नसल्यामुळे आपल्या मातीत जे पिकेल त्यावरच काउंटीला भागवावे लागते. विजयाचा आनंद आणि पराभवाचा सल या दोहोंची तीव्रता त्यामुळेच वाढते.

पराभवांची परंपरा

१९३४, १९३६ आणि १९४० मध्ये अजिंक्यपद मिळवणारे लिमरिक एके काळी हर्लिंगमधील अग्रगण्य नाव होते. १९७३ मध्ये एमन ग्राइम्सच्या नेतृत्वाखाली किल्केनीला नमवून संघाने पुन्हा चषक जिंकला. पुढच्याच वर्षी किल्केनीने त्याची परतफेड केली. १९८० मध्ये गॉलवेने, १९९६ मध्ये वेक्सफर्डने आणि २००७ मध्ये पुन्हा किल्केनीने लिमरिकला अंतिम सामन्यात हरवले.

या मालिकेतील सर्वांत जिव्हारी लागलेला पराभव १९९४ चा. ऑफली संघाविरुद्ध शेवटची सुमारे पाच मिनिटे उरली असताना लिमरिक पाच गुणांनी पुढे होते. तेवढ्या वेळात ऑफलीने दोन गोल व पाच गुण केले आणि सामना सहा गुणांनी जिंकला. तेव्हापासून लिमरिकच्या प्रेक्षकांना कोणतीही आघाडी सुरक्षित वाटेनाशी झाली.

गुणी तरुणांची उणीव कधीच नव्हती. २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षे लिमरिकने एकवीस वर्षांखालील गटाचे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले होते. पण त्या पिढीला वरिष्ठ पातळीवर चषक उंचावता आला नाही. पुढे काउंटीने कुमारवयीन खेळाडूंसाठी प्रशिक्षण प्रबोधिनीची घडी नीट बसवली. उद्योजक जे. पी. मॅकमॅनस यांचे आर्थिक पाठबळ तिला लाभले. २०१५ आणि २०१७ मध्ये एकवीस वर्षांखालील विजेतेपदे पुन्हा लिमरिककडे आली. २०१५ च्या त्या संघाचे व्यवस्थापक होते जॉन काइली. पेशाने शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या काइली यांच्याकडे २०१६ च्या अखेरीस वरिष्ठ संघाची धुरा आली. क्लेअर काउंटीच्या २०१३ च्या विजयात वाटा असलेले पॉल किनर्क प्रशिक्षक म्हणून आणि कॅरोलाइन करिड मानसिक तयारीच्या मार्गदर्शक म्हणून त्यांच्यासोबत होत्या. आधीच्या पिढीला जे साधले नाही ते या पिढीला साधावे, यासाठी कौशल्याइतकाच मनाचाही विचार झाला होता.

साखळी फेरी : चढ आणि उतार

मार्चमध्ये गॉलवेला त्यांच्याच सॉल्टहिल मैदानावर हरवून लिमरिकने राष्ट्रीय लीगच्या वरच्या गटात प्रवेश मिळवला. गतविजेत्यांना हरवता येते, याचा हा पहिला पुरावा होता.

२०१८ पासून प्रांतिक स्पर्धांचे स्वरूप बदलले. मन्स्टर प्रांतातील पाच संघ प्रथमच एकमेकांशी साखळी पद्धतीने खेळणार होते आणि पहिले तीन पुढे जाणार होते. २० मे रोजी घरच्या मैदानावर लिमरिकने टिपररीला १-२३ विरुद्ध २-१४ असे हरवले. २ जून रोजी कॉर्कमध्ये आघाडीचा फलंदाजासारखा भरवशाचा खेळाडू ॲरन गिलेन याला पंचांनी बाहेर काढल्यानंतरही उरलेल्या चौदा जणांनी ०-२८ विरुद्ध १-२५ अशी बरोबरी राखली. १० जून रोजी वॉटरफर्डवर तेरा गुणांनी विजय मिळाला.

आणि १७ जून रोजी एनिस येथे क्लेअरने लिमरिकला ०-२६ विरुद्ध ०-१५ असे धुऊन काढले. अकरा गुणांच्या या पराभवामुळे संघ प्रांतात तिसऱ्या स्थानी घसरला आणि मन्स्टरच्या अंतिम सामन्याची संधी हुकली. जुना अनुभव पाहता हंगाम येथेच विरला असता तरी कोणाला नवल वाटले नसते.

बाद फेरी : राखीव फळीचे बळ

७ जुलै रोजी कार्लोवर ५-२२ विरुद्ध ०-१३ असा सहज विजय मिळवून लिमरिक उपांत्यपूर्व फेरीत गेले. तेथे गाठ होती किल्केनीशी. १९७३ च्या अंतिम सामन्यानंतर अजिंक्यपद स्पर्धेत लिमरिकने किल्केनीला कधीही हरवले नव्हते. १५ जुलै रोजी थर्ल्समध्ये अखेरच्या टप्प्यात रिची होगनच्या गोलने किल्केनी पुढे गेले. अशा वेळी पूर्वीचे लिमरिक कोसळत असे. या संघाने लगेच बरोबरी साधली आणि ०-२७ विरुद्ध १-२२ असा दोन गुणांनी सामना जिंकला.

२९ जुलैचा कॉर्कविरुद्धचा उपांत्य सामना हर्लिंगच्या संस्मरणीय सामन्यांत गणला जातो. उत्तरार्धात सुमारे आठ मिनिटे उरली असताना कॉर्क सहा गुणांनी पुढे होते. लिमरिकने ती पिछाडी भरून काढली. भरपाई वेळेत कॉर्कचा शेमस हार्नेडी गोलसमोर एकटा उरला. तो फटका मारणार तोच गोलरक्षक निकी क्वेडने झेपावत काठीच्या टोकाने चेंडू बाजूला केला. निकीचे वडील टॉमी क्वेड १९८० च्या पराभूत संघाचे गोलरक्षक होते. १९९८ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले होते.

सामना जादा वेळेत गेला, तेव्हा लिमरिकच्या राखीव फळीने भार उचलला. शेन डाउलिंग हा एके काळी संघाचा मुख्य गुणवेधक. या हंगामात त्याला बहुधा बाकावर बसावे लागले होते. त्याने मैदानात उतरून पेनल्टीवर गोल केला. दुसरा बदली खेळाडू पॅट रायन याने पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात टाकला. लिमरिक ३-३२ विरुद्ध २-३१ असे विजयी झाले.

भरपाई वेळेची आठ मिनिटे

अंतिम सामन्याला ८२,३०० प्रेक्षक उपस्थित होते. पूर्वार्धात ग्रॅम मुल्काहीने आणि उत्तरार्धात टॉम मॉरिसीने गोल केला. वेळ संपत आली असताना पुन्हा बाकावरूनच आलेल्या डाउलिंगने तिसरा गोल केला आणि आघाडी आठ गुणांची झाली.

तेवढ्यात भरपाई वेळेची आठ मिनिटे जाहीर झाली. गॉलवेच्या कॉनर व्हेलनने गोल केला. पाठोपाठ जो कॅनिंगने फ्री फटका थेट जाळ्यात धाडला. आठ गुणांचे अंतर वितळत एकावर आले. मैदानातील प्रत्येक लिमरिककराच्या मनात १९९४ जागे झाले असणार. शेवटच्या क्षणी कॅनिंगला आणखी एक फ्री मिळाला. अंतर फार लांबचे होते, पण खांबांमधून गेल्यास बरोबरी निश्चित होती. चेंडू गोलसमोरच्या गर्दीत उतरला. काही वेळापूर्वीच मैदानात आलेल्या टॉम कॉन्डनने तो ताब्यात घेऊन दूर नेला आणि पंचांची शिट्टी वाजली. लिमरिक ३-१६, गॉलवे २-१८.

कर्णधार डेक्लन हॅननने लियम मॅकार्थी चषक उंचावला. त्यानंतर मैदानावर ‘क्रॅनबेरीज’ या बँडचे ‘ड्रीम्स’ हे गीत वाजले. या बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन लिमरिकची कन्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिचे निधन झाले होते. हजारो प्रेक्षकांनी ते गीत एकत्र गायले.

नंतरची वाटचाल

मध्यफळीतील किअन लिंच त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस युनेस्कोने हर्लिंगचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. २०१९ मध्ये लिमरिक उपांत्य सामन्यात किल्केनीकडून एका गुणाने हरले; परंतु २०२० ते २०२३ अशी सलग चार अजिंक्यपदे जिंकून त्यांनी कॉर्क आणि किल्केनी यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. शेन डाउलिंगला मात्र या पर्वात सहभागी होता आले नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावे लागले.

२०१८ च्या हंगामात लिमरिक प्रांताचे विजेते नव्हते, अपराजित नव्हते आणि निर्णायक सामन्यांत निर्विवाद वरचढही नव्हते. किल्केनीविरुद्ध दोन, कॉर्कविरुद्ध जादा वेळेनंतर चार आणि गॉलवेविरुद्ध एक, एवढ्याच गुणांच्या फरकाने त्यांनी इतिहास बदलला. १९९४ मध्ये हातातून निसटलेली शेवटची मिनिटे या संघाने धरून ठेवली, आणि त्यातील मोठा वाटा सुरुवातीच्या पंधरांत नाव नसलेल्या खेळाडूंचा होता.