बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर

मचाण मुळात शिकाऱ्याचं. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे विदर्भातल्या जंगलांत मचाणावर बंदुकीऐवजी वही-पेन्सिल घेतलेली माणसं बसू लागली.

वैशाखात नाले आटतात आणि जनावरं उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतात. त्यात बुद्धपौर्णिमेचं टिपूर चांदणं. म्हणून ताडोबा-मेळघाटात प्राणीगणनेसाठी हीच रात्र ठरली. बोलायचं नाही, विडी ओढायची नाही. दूर चितळ ओरडलं की झोपाळू डोळे खाडकन उघडायचे.

पण एकच अस्वल दोनदा पाण्यावर आलं तर? वहीत दोन अस्वलं!

हिशेब कच्चाच होता. २००६ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेपासून वाघ मोजायला कॅमेरे आले. मचाणावरच्या रात्रीला वनविभाग आता गणना म्हणत नाही, ‘निसर्गानुभव’ म्हणतो.