'कु.' कुठून आली?

पुण्यातली कुठलीही लग्नपत्रिका उघडा. वराच्या नावाआधी नुसते 'चि.', वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी. त्याच मुलीच्या कॉलेजच्या प्रमाणपत्रावर 'कु.' असते आणि अक्षता पडल्या की 'सौ.' होते. काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नावही लिहितात. मुलगा मात्र लग्नाआधी श्री. आणि लग्नानंतरही श्री.च.

ही 'कु.' फार जुनी नसावी. ती मोठ्या मुलीच्या नावाला लागायची तर मुळात मोठी झालेली अविवाहित मुलगी हवी, आणि पांढरपेशा पुण्यात ती जवळजवळ नव्हतीच. 1873 मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई रानडे 11 वर्षांच्या होत्या. 1891 मध्ये संमतिवय 10 वरून 12 वर नेले, तर एवढ्यावरही पुण्यात केवढा गदारोळ झाला! पण 1884 मध्ये मुलींची शाळा हुजूरपागा सुरू झाली होती. 1916 मध्ये कर्व्यांचे महिला विद्यापीठ उभे राहिले. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 केले. मुली जितकी वर्षे शिकत राहिल्या, तितकी वर्षे 'कु.' त्यांच्या नावाला लागून राहिली. माझ्या मते ती शाळेच्या हजेरीपटाचीच लेक आहे. ख्रिस्ती घरातल्या, डेक्कन कॉलेजात शिकून पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी तेव्हा 'मिस' म्हणूनच ओळखल्या जात.

ते 'मिस' तरी कुठे सनातन होते? इंग्रजीत 'मिस' आणि 'मिसेस' एकाच शब्दातून निघाले, आणि अठराव्या शतकात अविवाहित प्रौढ स्त्रीलाही 'मिसेस' म्हणत. पश्चिम जर्मनीने 1972 मध्ये सरकारी कागदांतून 'फ्रॉइलाइन' काढले, फ्रान्सने 2012 मध्ये 'मादमोआझेल'.

आपल्याकडे 2023 मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' सुचवले. हेतू चांगला असेल, पण वर्गवारी तीच राहिली. 'श्रीमती' सर्वांना चालावे, तर अजून पुष्कळांना त्यात वैधव्यच ऐकू येते. हिंदीतले 'सुश्री' मराठीत रुजले नाही. खरे तर 'बाई' आणि 'ताई' आपल्याकडे होतेच. शाळेतल्या बाईंचे लग्न झाले आहे का, हे त्यांना हाक मारताना कुणी विचारत नाही.

म्हणून बँकांना, शाळांना, सोसायट्यांना विनंती आहे: अर्जावरचा 'कु./सौ./श्रीमती' हा रकाना काढून टाका. नाव आणि आडनाव पुरेसे आहे.