उमेदवाराची रील ५०० रुपयांत बूस्ट केली तर? राजकीय जाहिरातीच्या परवानगीचे नियम काय आहेत?

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराची एखादी रील आवडली आणि तुम्ही ती शेअर केली, तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण तीच रील जास्त लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून ५०० रुपये भरून 'बूस्ट' केली, तर ती जाहिरात होते. आणि सोशल मीडियावरच्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

प्रमाणपत्र कोण देतं?

माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती, म्हणजे एमसीएमसी. ती जिल्हा आणि राज्य अशा दोन्ही पातळ्यांवर असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानंतर टीव्ही आणि केबलवरच्या जाहिरातींसाठी ही पद्धत आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने तेच नियम सोशल मीडियाला लावले. छापील वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला मात्र मतदानाचा दिवस आणि त्याचा आदला दिवस, एवढ्यापुरतंच प्रमाणपत्र लागतं.

नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी किमान ३ दिवस आधी, तर इतरांनी ७ दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता आणि खर्चाचा तपशील द्यायचा. अर्जदार पक्ष किंवा उमेदवार नसेल, तर ही जाहिरात त्यांच्या फायद्यासाठी नाही आणि तिचे पैसेही त्यांनी दिलेले नाहीत, असं शपथेवर सांगावं लागतं. उमेदवाराची रील बूस्ट करणारा हौशी समर्थक अडकतो तो इथेच.

प्रकरण कधी शब्दांपर्यंतही जातं. एप्रिल २०२४ मध्ये शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) प्रचारगीतातले 'हिंदू' आणि 'जय भवानी' हे शब्द काढायला आयोगाने सांगितलं होतं. 'जय भवानी' काढणार नाही, असं उद्धव ठाकरेंनी जाहीर केलं आणि बराच वाद झाला.

मग रोज दिसणाऱ्या पोस्टचं काय?

स्वतःच्या अकाउंटवर टाकलेला मजकूर, फोटो किंवा व्हिडिओ आयोग जाहिरात मानत नाही, मग तो उमेदवाराने टाकलेला असला तरी. सगळ्यात मोठी फट हीच आहे. एखाद्या इन्फ्लुएन्सरला रोख पैसे देऊन 'मनापासून' कौतुक करून घेतलं, तर ते साध्या पोस्टसारखंच दिसतं. समितीसमोर ना अर्ज येतो, ना बिल.

शिक्षा किती?

उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. खर्च १० रुपयांच्या आत असेल, तर १० दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता आणून सुटता येतं. हो, दहा रुपये! जुन्या दंड संहितेतला हा आकडा २०२३ च्या नव्या कायद्यातही तसाच राहिला.

उमेदवाराला खरी धास्ती असते ती खर्चमर्यादेची. महाराष्ट्रात ती लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये आहे. जाहिरात त्याच्या संमतीने झाली असेल, तर तो पैसा त्याच्या हिशेबात धरला जातो. पक्षाच्या एकूण खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

संशय आला तर?

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची जाहिरात असेल, तर मेटाच्या अॅड लायब्ररीत पेजचं नाव टाका. राजकीय जाहिरातीचे पैसे कुणाच्या नावाने भरले, हे तिथे दिसतं. आचारसंहितेचा भंग वाटला, तर आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते. ती १०० मिनिटांत निकाली काढणं अपेक्षित असतं.